ॲसिडिटीच असेल

गेल्या शनिवारी रात्री साडेबाराला भाच्याचा फोन आला. (आमच्या घरी त्या वेळी वाजणारा फोन म्हणजे बहुतेक वेळा कुठलातरी सर्व्हर झोपलेला असतो, म्हणून मी आधी लॅपटॉपच शोधला.) भाचा गेल्या वर्षी कॉलेजातून बाहेर पडून हिंजवडीत हमालीला लागला, वाकडला तिघं मित्र फ्लॅट घेऊन राहतात. म्हणाला, "मामा, झोपला होतास का? अरे, जाम ॲसिडिटी झालीय. घरात ईनो आहे आणि एक मेफ्टाल आहे. काय घेऊ?"

प्रश्न किती छान तयार होऊन आला होता बघा. रोग ठरलेला, औषधांचे पर्याय दोन, मामाने फक्त रेडिओ बटण दाबायचं. काही वर्षांपूर्वीचा मी असतो तर "ईनो घे आणि झोप" म्हणून कुस बदलली असती. तसं मी एकदा एका माणसाला म्हटलेलंही आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

मी म्हटलं, "ॲसिडिटी राहू दे बाजूला. होतंय काय ते सांग."

पलीकडे शांतता. मग, "म्हणजे... पोटात दुखतंय."

तर मंडळी, हा विकांत पोटदुखीचा. मी डॉक्टर नाही, संगणकासमोर बसून पोट भरणारा माणूस आहे. हे वाचून कोणी स्वतःवर उपचार करावेत म्हणून लिहीत नाहीये, उलट ते थांबवावेत म्हणून लिहितोय. आणि या विषयावर बोलायला माझ्याकडे प्रमाणपत्र आहे. पोटावर, बेंबीपासून खाली, साधारण वीतभर लांब.

२००९ सालची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांचा, औंधला दोन मित्रांबरोबर राहायचो. गुरुवार होता आणि शुक्रवारी रात्री रिलीज होतं. दुपारी मिसळ हाणलेली, त्यामुळे चारच्या सुमारास बेंबीभोवती दुखायला लागलं तेव्हा आरोपी शोधायची गरजच नव्हती. दुखणं अगदी मोघम. कोणी 'कुठे?' विचारलं असतं तर अख्खा तळवा पोटावर फिरवून 'इथे सगळीकडे' म्हटलं असतं. ड्रॉवरमध्ये डायजिनची पट्टी असायचीच (तुमच्या पण आहे, नाही म्हणू नका). दोन गोळ्या चघळल्या. संध्याकाळी कोणीतरी वडापाव आणले आणि मला नको वाटला. माझ्या बाबतीत हे लक्षण वैद्यकीय पाठ्यपुस्तकात छापण्याच्या लायकीचं आहे, पण त्या दिवशी 'पोटाला जरा आराम' असं म्हणून मी स्वतःचंच कौतुक केलं.

रात्री एक उलटी झाली. आधी दुखणं, मग बऱ्याच तासांनी उलटी. हा क्रम लक्षात ठेवा. बाहेरचं खाऊन पोट बिघडतं तेव्हा बऱ्याचदा उलटी-जुलाब आधी येतात आणि दुखणं त्यांच्या सोबत किंवा मागून येतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पहाटे जाग आली तर बेंबीपाशी दुखायचं थांबलं होतं. उजवीकडे खाली दुखत होतं. आणि आता तळव्याची गरज नव्हती, एका बोटाने जागा दाखवता येत होती.

सकाळी घराजवळच्या एका दवाखान्यात गेलो. खुर्चीत बसता बसताच म्हणालो, "डॉक्टर, ॲसिडिटी झालीय. आज रिलीज आहे, काहीतरी स्ट्राँग द्या." त्यांनी दिलं. दोन मिनिटांत बाहेर. त्यांनी पोटाला हात लावला नाही आणि मीही टेबलावर आडवा व्हायची तसदी घेतली नाही. बाईकवरून हापिसात जाताना प्रत्येक गतिरोधकाला उजवीकडे अशी काही चमक निघायची की मी बुडावरून उठून, रिकिबीत उभं राहिल्यासारखा, ते पार करत होतो.

सहाच्या सुमारास चमत्कार झाला. दुखणं एकदम ओसरलं. पाच मिनिटांत बरं वाटायला लागलं. म्हटलं बघा, स्ट्राँग गोळीचा गुण! दोन इडल्या खाल्ल्या. दहाला रिलीज गेलं. अकराला हुडहुडी भरली, आणि मग अख्खं पोट दुखायला लागलं, वरपासून खालपर्यंत, पाटासारखं कडक. सरळ उभं राहता येईना, खोल श्वास घेता येईना. रूममेटने रिक्षात घातलं.

तिथल्या सर्जननी पोट हळूच दाबलं आणि झटकन हात काढला. दाबताना दुखलं त्यापेक्षा हात काढताना जास्त दुखलं. मग त्यांनी एक प्रश्न विचारला: "मधेच एकदम बरं वाटलं होतं का?" मी अवाक. अपेंडिक्स फुगत जातं तसा त्याच्यावर ताण असतो. ते फुटलं की ताण जातो, थोडा वेळ हलकं वाटतं, आणि आतला पू पोटभर पसरायला लागतो. मी ज्या वेळी इडल्या खात होतो त्या वेळी हे चाललं होतं. रात्री दीडला ऑपरेशन, पोट धुऊन नळी ठेवली, नऊ दिवस मुक्काम. (रिलीज सोमवारी रोलबॅक झालं. हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.)

बरं, दोष कोणाचा? बरीच वर्षं मी त्या दवाखान्यावर जाम खार खाऊन होतो. अजूनही माझं मत आहे की पोटदुखीच्या पेशंटला आडवं न करता, पोट न दाबता जो डॉक्टर चिठ्ठी लिहितो तो डॉक्टर बदलावा. पण नंतर नंतर त्या दोन मिनिटांतलं माझं वाक्य जास्त टोचायला लागलं. रोज हापिसात आपण ज्या गोष्टीवरून कस्टमरच्या नावाने बोटं मोडतो तीच मी केली होती. बग रिपोर्टमध्ये काय दिसलं ते लिहायचं असतं: अमुक वेळी, अमुक बटण दाबल्यावर पांढरी स्क्रीन आली. त्याऐवजी कस्टमर लिहितो, 'तुमचा डेटाबेस गंडलाय.' मग आपण दिवसभर डेटाबेस तपासत बसतो आणि संध्याकाळी कळतं की त्याच्याकडे नेटच नव्हतं. मी डॉक्टरांना पोटदुखी सांगितलीच नाही. मी त्यांना निदान सांगितलं, आणि त्यांनी बिचाऱ्यांनी ते तिकीट क्लोज केलं.

माझं म्हणणं असं आहे की 'ॲसिडिटी' हा आपल्या पिढीचा सगळ्यात धोकादायक शब्द आहे. तो आजार खोटा आहे म्हणून नव्हे. तो खराच आहे, आणि हिंजवडीत तर पगारासोबत मिळतो. धोका असा की तो शब्द उच्चारला की पुढचे प्रश्न बंद होतात.

आणि गंमत म्हणजे आपल्या भाषेत पोटदुखीचं वर्णन करायला इतके शब्द आहेत की डॉक्टरला अर्धं निदान घरबसल्या मिळावं. माझी आजी कधीही 'पोट दुखतंय' एवढ्यावर थांबायची नाही. कळ उठते. मुरडा येतो. ठणकतंय. जळजळतंय. चमक निघते. तिडीक जाते. दडपल्यासारखं होतंय. ढवळतंय. पोटाला गुबारा धरलाय, तटतटलंय. करपट ढेकरा येताहेत. यातला प्रत्येक शब्द वेगळी बातमी देतो. कळ येते आणि जाते, म्हणजे आत कुठलीतरी नळी पिळून काहीतरी पुढे ढकलू पाहतेय. मुरडा आला की आजी पुढचा प्रश्न शौचाचाच विचारणार. ठणका मात्र जात नाही, बसून राहतो. आम्ही कॉन्व्हेंटात शिकलो आणि ही सगळी शब्दसंपत्ती विकून एक 'ॲसिडिटी' विकत घेतली. दुसरी 'गॅस'.

तिच्या भाषेत सांगितलं असतं तर माझी गोष्ट अशी झाली असती: काल चारपासून बेंबीभोवती दुखत होतं, भूक मेली, रात्री ओकलो, पहाटेपासून दुखणं उजवीकडे खाली उतरलंय. एवढं एक वाक्य. कुठल्याही डॉक्टरने मला त्या क्षणी टेबलावर पाडलं असतं.

दुखणं बेंबीपासून उजवीकडे का सरकतं हे मला नंतर कळलं, आणि ते आमच्या धंद्यातल्या माणसाला फार आवडण्यासारखं आहे. पोटातल्या अवयवांच्या नसा फार ढोबळ असतात. अपेंडिक्सकडून निघालेला संदेश मज्जारज्जूत ज्या पातळीवर शिरतो, त्याच पातळीवर बेंबीभोवतीच्या कातडीचे संदेशही शिरतात. मेंदूला आतल्या अवयवांच्या तक्रारींची सवय नसते, तो म्हणतो बेंबीपाशी दुखतंय. अनेक सर्व्हिसेस एकाच लॉग फाइलमध्ये, आपलं नाव न टाकता लिहीत असाव्यात तसं. पुढे सूज वाढून पोटाच्या भिंतीच्या आतल्या अस्तराला, ज्याला डॉक्टर पेरिटोनियम म्हणतात, जाऊन भिडते. त्या अस्तराच्या नसा मात्र नेमक्या असतात. मग मेंदूला खरा पत्ता मिळतो. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये ती जागा बोटाने दाखवून ठेवली: कमरेच्या उजव्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीपर्यंत रेघ ओढा, हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर. अर्थात सगळ्यांचं अपेंडिक्स पुस्तक वाचून दुखत नाही. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायका यांच्यात गोष्ट हमखास वेगळी असते.

म्हणून 'किती दुखतंय?' या प्रश्नापेक्षा 'कसं वागतंय?' हा प्रश्न मोठा. मुतखड्याचा माणूस किंचाळतो, गडाबडा लोळतो, त्याला कुठल्याच कुशीवर चैन पडत नाही, कळ पाठीच्या बाजूने जांघेपर्यंत उतरते. पोटाचं अस्तर सुजलेला माणूस याच्या उलट: गुडघे पोटाशी घेऊन निपचित पडून राहतो, कारण हललं की दुखतं. लोळणाऱ्याकडे सगळे धावतात. निपचित पडलेल्याला 'झोपलाय वाटतं, बरं वाटत असेल' म्हणून पांघरूण घालतात. जेवण, विशेषतः तेलकट, झाल्यावर उजव्या बरगडीखाली दुखून मागे खांद्याच्या फऱ्याकडे जात असेल तर पित्ताशयातले खडे आठवावेत. शनिवारची पार्टी, आणि रविवारी वरच्या पोटात असं दुखतंय की आरपार पाठीत घुसतंय, पुढे वाकून बसलं की जरा बरं: हा हँगओव्हर नाही, स्वादुपिंडाला सूज असू शकते. याला ईनो घेणाऱ्यांना साष्टांग नमस्कार.

वर मी गतिरोधकांचं सांगितलं ते विनोदासाठी नव्हतं. इंग्लंडातल्या डॉक्टरांनी याचा खरोखर अभ्यास केला आणि तो २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. अपेंडिक्सच्या संशयाने आलेल्या ज्या ६४ पेशंटांना वाटेत गतिरोधक लागले होते, त्यांतल्या ३४ जणांना शेवटी खरंच अपेंडिक्सचा त्रास निघाला. त्या ३४ पैकी ३३ जणांनी गतिरोधकावर दुखणं वाढल्याचं सांगितलं होतं. पण (आणि हा 'पण' टेस्टिंगवाल्या मंडळींसाठी) अपेंडिक्स नसलेल्यांतल्या बहुतेकांचंही दुखणं गतिरोधकावर वाढलं होतं. म्हणजे गतिरोधकावर काहीच वाटलं नाही तर अपेंडिक्स असण्याची शक्यता बरीच कमी. दुखलं तर मात्र एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, फक्त पोट दाबून घ्यायला जायचं. पुण्यात राहणाऱ्याला ही तपासणी दर दोनशे मीटरवर फुकट उपलब्ध आहे.

मग जायचं कधी? झॅकरी कोप नावाच्या इंग्रज सर्जनने १९२१ मध्ये अशा अचानक उठणाऱ्या पोटदुखीच्या निदानावर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्याच्या सुधारित आवृत्त्या सर्जन लोक अजून वाचतात. त्यातला एक ठोकताळा मला पाठ आहे: एरवी बऱ्या असलेल्या माणसाचं जोराचं पोटदुखणं सहा तासांच्या वर टिकलं, तर ते सर्जनच्या हद्दीतलं असण्याची शक्यता धरून चालायचं. सहा तास. मी एकतीस घेतले होते.

पण सहा तास हा वाट बघण्याचा परवाना नव्हे. काही गोष्टींना घड्याळच लावायचं नाही. पोट कडक झालंय, दुखता दुखता चक्कर येतेय किंवा अंग गार पडून घाम सुटलाय, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळं पडतंय, शौचाला डांबरासारखं काळं होतंय, उलटी हिरवी येतेय आणि पोट फुगून वारासुद्धा सरत नाहीये, हर्नियाचा गोळा दुखतोय आणि आत जात नाहीये, दुखण्याबरोबर ताप आणि थंडी आहे. यात 'सकाळी बघू' नाही. महाराष्ट्रात १०८ फिरवा किंवा गाडी काढा, आणि गाडी स्वतः चालवू नका.

रिलीजमुळे वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला देतो. इंग्लंडचा सातवा एडवर्ड, त्या वेळचा आपलाही बादशहा, त्याचा राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरला होता. जगभरचे पाहुणे लंडनला आलेले. दोन दिवस आधी, २४ तारखेला, त्याच्या अपेंडिक्सपाशी साठलेला पू फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या सर्जनने बकिंगहॅम राजवाड्यातच काढला. समारंभ पुढे गेला आणि ९ ऑगस्टला झाला. ज्याच्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता त्याची डेट स्लिप झाली, तर आपलं स्प्रिंट काय चीज आहे?

आता ते वर राहिलेलं.

२०१४, डिसेंबर. बाबा साताऱ्याला एकटेच होते, आई माझ्याकडे आलेली. रात्री आठला बाबांचा फोन आला. "अरे, गॅस झालेत बहुतेक. छातीच्या खाली दडपल्यासारखं वाटतंय." मी तेव्हा अमेरिकेच्या कॉलवर होतो, एक कान इकडे, एक तिकडे. म्हणालो, "बाबा, सोडा घ्या थोडा आणि फेऱ्या मारा. मी कॉल संपला की करतो." अपेंडिक्स फुटलेल्या, पोटावर वीतभर व्रण घेऊन फिरणाऱ्या माणसाने हे उत्तर दिलं. त्यांनी 'दडपल्यासारखं' हा इतका नेमका शब्द मला दिला होता आणि मी फक्त 'गॅस' ऐकला.

बाबा शहाण्या मुलाचं ऐकून सोडा पिऊन फेऱ्या मारत होते. शेजारच्या काकू डबा परत द्यायला आल्या. त्या सिव्हिलमधून निवृत्त झालेल्या सिस्टर. त्यांनी दारातूनच विचारलं, "अहो, डिसेंबरात घाम कसला आलाय तुम्हाला?" पाच मिनिटांत मुलाच्या गाडीत घालून घेऊन गेल्या. ईसीजीत हार्ट अटॅक निघाला. हृदयाचा खालचा भाग पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्यावर टेकलेला असतो. तिथला रक्तपुरवठा अडला की कित्येकांना छातीत न दुखता वरच्या पोटात दुखतं, मळमळतं, ढेकर आल्यासारखं वाटतं. बायका, म्हातारी माणसं आणि मधुमेही यांच्यात हे असं फसवं रूप जास्त. बाबांना मधुमेह आहे, हे मला अर्थातच माहीत होतं.

माझा कॉल नऊ वाजता संपला. मी फोन केला तो काकूंनी उचलला.

बाबा वाचले. हृदयाच्या स्नायूचा एक भाग कायमचा गेला. आता एक मजला चढले की कठड्याला धरून थांबतात आणि कोणी बघितलंच तर 'गॅस' म्हणतात. मी काही बोलत नाही. पन्नाशीच्या पुढच्या कोणाचं, किंवा मधुमेह, बीपी असलेल्या कोणाचंही वरचं पोट दुखतंय आणि घाम, धाप, जबडा किंवा हातात जडपणा यांतलं काही आहे, तर आधी ईसीजी, मग सोडा. काकूंनी विचारलेला प्रश्न फोनवरही विचारता आला असता. 'घाम आलाय का, बाबा?' चार शब्द.

'ॲसिडिटी' आणि 'गॅस' यांच्या पंक्तीला बसणारं तिसरं लेबल म्हणजे 'पाळीचं असेल'. हे लेबल बायकांना बाकीचे लावतात, आणि लावून लावून त्या स्वतःच लावायला लागतात. पाळी चुकलेली आहे, ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, थोडंसं डाग लागल्यासारखं आहे, चक्कर येतेय, कधी कधी खांद्याच्या टोकाला दुखतंय: गर्भ गर्भाशयाबाहेर नळीत रुजलेला असू शकतो आणि नळी फुटली तर आत रक्तस्राव होतो. एका कोपऱ्यातल्या चाचणीच्या पट्टीने पहिला अंदाज येतो, पण ती करायला सांगायचं कसं, लग्न झालेलं नसेल तर विचारायचं कसं, म्हणून तास निघून जातात. मुलांचंही तेच. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा 'ओटीपोटात दुखतंय' म्हणतो, उलटी करतो आणि खरी जागा सांगायला लाजतो. अंडकोषाला पीळ पडला असेल तर तो वाचवायला साधारण सहा तासच हातात असतात. घरात या अवयवांची नावं उच्चारायची पद्धत नाही, याची किंमत हे पोरगं मोजतं. यावर कधीतरी वेगळं लिहीन, डोकं गरम होतं.

औषधांचं थोडं. डॉक्टर पेशंटला वेदनाशामक देतात तेव्हा निदान लपतं म्हणून पूर्वी ते टाळायचे. आता तसं मानत नाहीत, इस्पितळात बिनधास्त मागा. घरची गोष्ट वेगळी. पोट दुखतंय म्हणून रिकाम्या पोटी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक जातीची गोळी घेणं म्हणजे आगीत रॉकेल. या गोळ्या स्वतःच जठरात व्रण करतात. गोळी घेऊन दुखणं दबलं की आपण झोपतो, आणि त्या झोपेत रात्र जाते. आजीचं सगळं मान्य, पण ठणकणाऱ्या पोटावर एरंडेल मात्र नको. आतडं आधीच फुगलेलं असताना जुलाबाचं औषध देणं हे अपेंडिक्स फोडण्याचे जुने, सिद्ध उपाय आहेत. आणि दवाखान्यात जायचं ठरलं की वाटेत काही खाऊ नका, भूल द्यावी लागू शकते. माझ्या त्या दोन इडल्यांबद्दल भूलतज्ज्ञ बाई मला काय बोलल्या ते इथे लिहिता येणार नाही.

रोजचीच, वर्षानुवर्षांची ॲसिडिटी हा वेगळा प्रकार, त्यात मध्यरात्री पळायचं काही नाही. मात्र वजन आपोआप उतरतंय, घास अडकतोय, रक्त कमी झालंय किंवा चाळिशी-पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालंय, तर पट्टी बदलत बसू नका, दुर्बिणीची तपासणी करून घ्या. व्रण 'टेन्शन आणि तिखटाने' होतात हे आपण लहानपणापासून ऐकलं. बॅरी मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ मध्ये जिवाणूंचा काढा स्वतः पिऊन स्वतःचं जठर सुजवून दाखवलं, आणि २००५ मध्ये त्याला आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. त्या जिवाणूवर ठरावीक दिवसांचा औषधांचा कोर्स आहे. दहा वर्षं जेलूसिल पिणं हा कोर्स नव्हे.

असो. भाच्याकडे येतो.

प्रश्नोत्तरं पाच मिनिटं चालली. संध्याकाळी पाचपासून दुखतंय. म्हणजे साडेसात तास. वरच्या पोटात, मधे थांबलेलं नाही. दोनदा उलटी. ताप बघितला नाही, थर्मामीटर नाही. "जागेवर उडी मार." "काय?" "मार रे." धप्प. "आई गं! दुखलं." घाम नाही. दारू? ("मामा..." "खरं सांग, आईला सांगत नाही." "नाही रे, खरंच.") म्हटलं, ईनो ठेव खाली, मित्राला उठव, मी निघालो. पाऊण तासात आम्ही इमर्जन्सीत होतो. तिथली डॉक्टर पोरगी त्याच्याच वयाची दिसत होती, पण तिने त्याला आडवं करून चारही बाजूंनी पोट दाबलं, ईसीजी काढला, रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. काही सापडलं नाही. मग तिने जे केलं ते मला सगळ्यात आवडलं: घरी न सोडता तीन तासांनी परत येऊन पुन्हा पोट दाबलं. दुखणं सरकलंय का, वाढलंय का? नव्हतं. पहाटे सहापर्यंत साहेब खडखडीत, चहा मागत होते. 'उजवीकडे दुखायला लागलं किंवा ताप आला तर लगेच परत या' असं तिने दोनदा बजावून कागद हातात दिला.

कागदावर गॅस्ट्रायटिस लिहिलं होतं. खाली बिल, सहा हजार चारशे.

"मामा," गाडीत बसल्यावर भाचा म्हणाला, "म्हणजे ॲसिडिटीच होती ना?"

"हो."

"मग हे साडेसहा हजार?"

गतिरोधकाचं गणित त्याला समजावत मी वाकडपर्यंत गाडी चालवली. ज्यांना काहीच नाही असे काही जण तपासावे लागतात, तेव्हा तो एक सापडतो, वगैरे. त्याला ते कितपत पटलं माहीत नाही, तो अर्ध्यातच घोरायला लागला. त्याचे निम्मे पैसे मी दिले.

घरी आलो तर बाबा पेपर घेऊन बाल्कनीत. सगळी हकीकत सांगितली. त्यांनी चष्म्यावरून बघत शांतपणे ऐकून घेतलं.

"गॅस असणार," म्हणाले. "मला विचारायचंत की."